एसटीपीचा आउटफॉल हलवायचाय? आधी मे महिन्यातली नदी बघा

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं (एसटीपीचं) पाणी नदीत जिथे पडतं ती जागा, म्हणजे आउटफॉल, हलवा अशी मागणी बहुतेक वेळा उन्हाळ्यात उठते. जॅकवेलच्या, म्हणजे गावासाठी पाणी उपसायच्या नदीकाठच्या विहिरीच्या, थोडं वर पाइप आहे म्हणून नळाला वास येतो. घाटावर उभं राहवत नाही. बंधाऱ्यात सकाळी मासे पोट वर करून तरंगताना दिसतात. मग सभेत ठराव होतो, "आउटफॉल खालच्या बाजूला न्यावा." ठराव एका ओळीचा असतो आणि काम तीन-चार वर्षांचं. ते करायला बसलेल्या नगरपालिकेच्या अभियंत्यासाठी, नदीसाठी झटणाऱ्या गटासाठी आणि खालच्या गावच्या सरपंचासाठी हा लेख आहे.

पाइप हलवल्याने घाण कमी होत नाही, तिचा पत्ता बदलतो. नव्या पत्त्यावर नदीला ती पचणार असेल आणि तिथल्या माणसांना आधी विचारलेलं असेल, तरच हे काम करण्यासारखं आहे. पंचगंगेचं उदाहरण घ्या. प्रयाग चिखलीला नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते, कोल्हापूरला वळसा घालते, इचलकरंजीजवळून जाते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते. एवढ्याशा लांबीत वरच्याचं सांडपाणी खालच्याच्या पिण्यात जातं. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीच्या साथीनं माणसं गेली. अशा नदीवर पाइप पाच किलोमीटर पुढे सरकवणं म्हणजे कोणाच्या तरी दारात सरकवणं, हे मनात धरूनच सुरुवात करायची.

पहिला प्रश्न: पाइपच दोषी आहे का?

बऱ्याच गावांत निम्मं सांडपाणी एसटीपीपर्यंत पोचतच नाही, ते नाल्यातून थेट नदीत येतं. एसटीपीचा पाइप आणि नाल्याचं तोंड शेजारी-शेजारी असेल, तर काठावरून दिसणारी काळी धार कोणाची हे नुसतं बघून कळत नाही. दोन्हीकडचे नमुने वेगळे घ्या आणि दोन्हींचा प्रवाह मोजा. नाला दोषी निघाला तर आउटफॉलचा खर्च बाजूला ठेवून आधी नाला अडवा आणि त्याचं पाणी केंद्रात न्या.

दुसरी तपासणी केंद्राच्या आत. गेल्या वर्षभराचं वीजबिल बघा. ब्लोअर (टाक्यांत हवा सोडणारी यंत्रं) दिवसातून किती तास चालले हे त्यावरून बऱ्यापैकी समजतं. ब्लोअर बंद असतील तर पाणी फक्त टाक्यांमधून फिरून बाहेर पडतंय. असं पाणी कुठेही नेऊन सोडलं तरी नदी मरणारच.

हे दोन्ही ठीक असेल आणि तरीही त्रास होत असेल, तर प्रश्न जागेचा आहे. पाइप जॅकवेलच्या वर असणं, कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फुगवट्यात, म्हणजे त्यामागे साचलेल्या पाण्यात असणं, किंवा काठाला लागून असल्याने पाणी प्रवाहात न मिसळणं, ही जागेची खरी कारणं.

नदी चाला, तीही चैत्र-वैशाखात

सध्याच्या आउटफॉलच्या दोन किलोमीटर वरपासून खाली निदान पंधरा किलोमीटर पायी जा. मोबाइलवर प्रत्येक गोष्टीची जागा नोंदवा: जॅकवेल, उपसा सिंचनाच्या मोटारी, घाट, धुणं धुण्याच्या जागा, म्हशी बसतात ते डोह, स्मशानघाट, नाले, बंधारे, वाळू उपशाचे खड्डे. पावसाळ्यानंतर केलेली पाहणी काही कामाची नाही, कारण तेव्हा नदी सगळं पोटात घेते.

आपल्याकडच्या बहुतेक नद्या आता धरणाच्या आवर्तनावर चालतात. आवर्तन सुटलं की नदी वाहते, बंद झालं की बंधाऱ्या-बंधाऱ्यांत डबकी होऊन बसते. म्हणून मोजमाप आवर्तन सुटण्याच्या आदल्या चार-पाच दिवसांत घ्या. पाटबंधारे शाखेत तारखा मिळतात.

चालताना भोई आणि जाळी टाकणाऱ्या लोकांशी बोला. पहाटे मासे कुठे वर येऊन तोंड उघडतात, कोणत्या डोहातली जाळी काळी होऊन निघते, बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढल्यावर पहिल्या दिवशी काय होतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांनी दाखवलेल्या जागा नमुन्याच्या यादीत पहिल्या लिहा. मला तरी त्या यादीनं कधी फसवलेलं नाही.

मोजायचं काय आणि कसं

विरघळलेला ऑक्सिजन मोजायची वेळ पहाटे पाच ते सहा. दिवसा शेवाळ ऑक्सिजन तयार करतं आणि दुपारचा आकडा छान येतो. रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन खातं, म्हणून पहाटेचा आकडा सगळ्यात वाईट असतो. मासे पहाटे मरतात ते यामुळेच. सरकारी नमुने बहुधा कार्यालयीन वेळेत घेतले जातात, म्हणून कागदावर नदी बरी दिसते.

मीटर नसेल तर विंकलरची जुनी पद्धत आहे, आणि लोकांना दाखवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. एका मे महिन्यात आम्ही एका बंधाऱ्याच्या फुगवट्यात होडीतून नमुने घेत होतो. तीनशे मिलीची काचेची बाटली, बुडबुडा राहू न देता काठोकाठ भरायची, तळाशी मँगेनीज सल्फेट सोडायचं, मग अल्कली आयोडाइड, बूच लावून उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. वरच्या पुलाखालची बाटली चहासारखी तपकिरी झाली. फुगवट्याच्या मध्यावर, आउटफॉलपासून दीड-दोन किलोमीटर खाली, साका पांढराशुभ्र आला. म्हणजे ऑक्सिजन जवळजवळ शून्य. होडी वल्हवणारा माणूस बाटलीकडे बघून म्हणाला, "म्हणजे दुधासारखं झालं की पाणी मेलं म्हणायचं." त्यानंतर त्या गावात कोणाला आलेख दाखवायची गरज पडली नाही.

ऑक्सिजनसोबत बीओडी, म्हणजे घाण पचवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन (आपल्याकडे 27 अंशांवर तीन दिवसांचा), अमोनिया, पीएच, तापमान, फिकल कॉलिफॉर्म (विष्ठेतले जिवाणू) आणि फॉस्फरस तपासून घ्या. आउटफॉलवर एकच नमुना घेऊन थांबू नका, दर दोन तासांनी असे चोवीस तास नमुने घ्या. सकाळी सात ते दहा शहर अंघोळीला आणि धुण्याला लागतं, तेव्हाचं पाणी आणि मध्यरात्रीचं पाणी यांत फार फरक असतो.

प्रवाह मोजायला सरळ वाहणारा वीस-तीस मीटरचा पट्टा निवडा. दोर बांधून रुंदी आणि दर मीटरला खोली घ्या, वरून लिंबू किंवा संत्रं सोडा आणि किती सेकंदात खालच्या दोराशी येतं ते बघा. पृष्ठभागाचा वेग 0.85 ने गुणला की सरासरी वेगाचा चांगला अंदाज येतो. पाच-सहा वेळा करा.

आणखी एक स्वस्त युक्ती आहे. सांडपाण्याची विद्युतवाहकता नदीच्या पाण्यापेक्षा सहसा जास्त असते. हातात मावणारा कंडक्टिव्हिटी मीटर घेऊन आउटफॉलच्या खाली दर दोनशे मीटरवर या काठापासून त्या काठापर्यंत आकडे घ्या. सांडपाण्याचा पट्टा नकाशावर उमटतो. तो काठाला चिकटून कितीतरी अंतर तसाच जाताना दिसतो, आणि घाट व मोटारी नेमक्या काठालाच असतात.

हिशोब: एका कागदावर बसतो

समजा शहराचं सांडपाणी 20 एमएलडी, म्हणजे दिवसाला दोन कोटी लिटर. सेकंदाला ते 231 लिटर होतं. नदीत सेकंदाला 1,000 लिटर, म्हणजे 35 क्युसेक, पाणी वाहतंय आणि त्याचा बीओडी लिटरला 2 मिलिग्रॅम आहे (पुढचे बीओडीचे आकडेही याच मापात). केंद्रातून 30 बीओडीचं पाणी सोडलं तर मिसळल्यानंतर नदीचा बीओडी सव्वासातच्या आसपास जातो. तेच केंद्र 10 चं पाणी देत असेल तर साडेतीन.

आता आवर्तन बंद झाल्यावरचे दिवस. नदीत सेकंदाला फक्त 300 लिटर. 30 च्या पाण्यानं बीओडी 14 च्या वर जातो, 10 च्या पाण्यानं साडेपाच. अंघोळीयोग्य पाण्याचा निकष आहे 3, आणि ऑक्सिजन किमान 5 मिलिग्रॅम. या प्रवाहात 30 बीओडीचं पाणी नदीच्या कुठल्याही वळणावर सोडलं तरी निकष मोडणारच. म्हणून माझा आग्रह असा की जागेबरोबर प्रक्रियेची पातळीही ठरवा. 2017 च्या अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडी 20 आणि इतर शहरांसाठी 30 अशी मर्यादा होती. राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्ये 10 चा आग्रह धरला. डीपीआर (प्रकल्पाचा सविस्तर अहवाल) करताना 10 च धरा.

बीओडीनंतर वेळ बघा. ऑक्सिजनची सगळ्यात खोल घसरण पाइपाच्या तोंडाशी होत नाही, पाणी खाली वाहत असताना होते. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून 1925 मध्ये याचं गणित मांडलं, ते आजही वापरात आहे. जिवाणू घाण खाताना ऑक्सिजन वापरतात आणि हवेतून तो परत मिसळतो, या दोन वेगांची ती शर्यत. पाणी सेकंदाला 20 सेंटिमीटर वेगानं वाहत असेल तर एका दिवसात 17 किलोमीटर जातं. घसरण दीड दिवसावर असेल तर ती 26 किलोमीटर खाली, दुसऱ्याच तालुक्यात दिसते. त्यात 30 अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच साडेसात मिलिग्रॅमच्या वर मावत नाही, आणि उष्णतेनं जिवाणूंची भूक वाढलेली असते.

अमोनियाकडे फार जण दुर्लक्ष करतात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन लागतो. शिवाय अमोनियाचा विषारी भाग पीएचवर अवलंबून असतो. 30 अंशांच्या पाण्यात पीएच 7 असताना तो एक टक्क्याहून कमी असतो, पीएच 8.5 झाला की वीस टक्के. जलपर्णी आणि शेवाळानं भरलेल्या फुगवट्यात दुपारी पीएच सहज एवढा चढतो. बीओडी नियमात असूनही मासे का मेले, याचं उत्तर कित्येकदा इथे सापडतं.

जागा निवडताना

बंधाऱ्याचा फुगवटा हा नदीचा भाग दिसतो, पण वागतो तळ्यासारखा. म्हणून तळ्याचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये दहाएक केंद्रांचं प्रक्रिया केलेलं पाणी सोडलं जायचं. 1955 मध्ये तिथे त्रासदायक नील-हरित शेवाळ दिसलं. डब्ल्यू. टी. एडमंडसन या शास्त्रज्ञानं फॉस्फरसकडे बोट दाखवलं, 1958 मध्ये लोकांनी मतदानातून योजनेला मान्यता दिली आणि 1963 ते 1968 या काळात सगळं पाणी तळ्याऐवजी भरती-ओहोटीच्या खोल समुद्री खाडीत वळवलं. पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी जिथे एक मीटरच्या आसपास दिसेनाशी व्हायची, तिथे काही वर्षांत ती तीन मीटरवर दिसू लागली. साचलेल्या पाण्यातून आउटफॉल काढणं हे चांगलं काम ठरतं ते असं. तुमचा आउटफॉल फुगवट्यात असेल तर तो बंधाऱ्याच्या खाली, खडकाळ, खळाळत्या पट्ट्यात नेण्याला अर्थ आहे. फक्त तिथून पुढचा बंधारा किती अंतरावर आहे ते मोजा. दोन किलोमीटरवर दुसरा फुगवटा लागत असेल तर त्या कामानं काही साधलं नाही.

उलट उदाहरण लंडनचं. थेम्सच्या 1858 च्या दुर्गंधीनंतर अभियंता जोसेफ बॅझलजेटनं शहराखालून मोठे गटार घालून सांडपाणी पूर्वेला बेक्टन आणि क्रॉसनेस इथे नेलं. 1860 च्या दशकात शहरातली थेम्स सुधारली, कॉलरा हटला. पण सांडपाणी कच्चंच होतं. ते ओहोटीला सोडायचं ठरलं होतं, तरी भरती ते परत वर आणायची. सप्टेंबर 1878 मध्ये प्रिन्सेस अ‍ॅलिस ही प्रवासी बोट त्याच पट्ट्यात बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या पाण्याची अवस्था सगळ्या देशासमोर आली, त्यानंतरच्या दशकात गाळ वेगळा काढायला सुरुवात झाली. कोकणात किंवा गोव्यात खाडीकाठी आउटफॉल ठरवत असाल तर हे विसरू नका: भरतीच्या वेळी पाणी किती वर येतं ते पौर्णिमा-अमावास्येला आणि अष्टमीला, दोन्ही वेळा बघा.

तिसरा पर्याय म्हणजे पाणी नदीत न सोडणं. नागपूरला भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्राचं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, नाहीतर ते नाग नदीतून कन्हान आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयाची वाट धरतं. पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून पाणी कालव्यात चढवून शेतीला दिलं जातं. हा रस्ता मला सगळ्यात पसंत आहे, दोन अटींवर. शेतकऱ्याला मिळणारं पाणी खरोखर शुद्ध केलेलं हवं, नाल्याचं मिसळलेलं नको. आणि नदीत उन्हाळ्यात तेवढंच पाणी उरलं असेल तर सगळं उचलू नका. कित्येक गावांखाली मे महिन्यात नदी म्हणून जे वाहतं ते एसटीपीचंच पाणी असतं, ते काढलं की खालचे डोह आटतात. आउटफॉल खाली नेतानाही हेच लागू आहे: जुन्या आणि नव्या जागेमधल्या पट्ट्यातलं पाणी कमी होणार, तिथल्या मोटारवाल्यांना हे आधी सांगा.

परवानग्या आणि माणसं

1974 च्या जल कायद्याच्या कलम 25 नुसार नवा किंवा बदललेला आउटफॉल वापरात आणायला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची पूर्वसंमती लागते. "केंद्राला संमती आहेच, फक्त पाइप हलवतोय" हे चालत नाही. जलसंपदा विभागाकडून नदीपात्रातल्या बांधकामाची परवानगी, निळ्या आणि लाल पूररेषेचे नकाशे, रस्ता ओलांडायला बांधकाम विभाग, खाडीकाठी सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र). पाइप शेतांतून जाणार असेल तर वेळ तिथेच जातो, म्हणून शक्य तितका रस्त्याकडेनं किंवा नदीकाठच्या सरकारी जमिनीतून आखा.

खालच्या ग्रामपंचायतींना डीपीआर छापून झाल्यावर बोलावू नका. नदी चालतानाच सोबत घ्या. त्यांच्या जॅकवेलला गाळणी आणि क्लोरिनची सोय लागणार असेल तर तो खर्च याच प्रकल्पात धरा. ग्रामसभेत "तुमच्याकडे स्वच्छ पाणीच येणार" असं म्हणण्यापेक्षा पहाटेच्या ऑक्सिजनचा आकडा किती राहील ते सांगा, आणि तो खाली गेला तर कोण काय करणार हे लिहून द्या.

बांधकामातल्या जागा जिथे काम फसतं

पाइप उताराने जात असेल तर उत्तम. पंपिंग करावं लागलं तर स्वतंत्र वीज फीडर आणि जनरेटर दोन्ही धरा, नाहीतर वीज गेली की पाणी जुन्याच तोंडातून बाहेर येतं. पाण्याचा वेग दिवसातून एकदा तरी सेकंदाला 0.6 मीटरच्या वर जावा, म्हणजे गाळ बसत नाही.

तोंडाशी पायऱ्या-पायऱ्यांचा दगडी धबधबा करा. दोन-तीन मीटरची उंची मिळाली तरी पाणी पडता-पडता हवा घेतं, त्याला वीज लागत नाही. क्लोरिन वापरत असाल तर सोडण्याआधी उरलेला क्लोरिन काढा, माशांना तो अगदी थोडाही सोसत नाही. पात्रात खोल पाणी असेल तर काठावर सोडण्यापेक्षा मधोमध छिद्रांचा डिफ्यूझर टाका, मात्र तो पुरात टिकेल असा काँक्रीटच्या वजनांनी जखडा. 2019 आणि 2021 च्या पुरांत कृष्णा-पंचगंगेकाठी पाणी कुठवर आलं ते आठवा. आउटफॉल पुरात बुडणारच, म्हणून पाणी उलटं केंद्रात शिरू नये यासाठी तोंडाला एकदिशा झडप हवी.

पात्रातलं काम दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्याच्या मध्यापर्यंत आटपा. मृगाच्या सरी पडल्या की मासे अंडी घालायला वर चढतात, तेव्हा पात्रात मातीचा बांध नको.

जुनं तोंड आणि पुढची वर्षं

नवा पाइप सुरू झाला की जुनं तोंड "अडचणीला असू दे" म्हणून ठेवलं जातं. पुढच्या उन्हाळ्यात तेच रोजचं होतं. ते काँक्रीटनं बंद करा, फोटो आणि पंचनामा मंडळाला पाठवा. खरोखर बायपास लागणारच असेल तर त्यावर सील आणि प्रवाहमापक बसवा, आणि तो उघडला की खालच्या गावांना त्याच तासाला निरोप जाईल अशी व्यवस्था करा.

बोस्टननं सप्टेंबर 2000 मध्ये आपला आउटफॉल बंदरातून काढून सुमारे 15 किलोमीटरच्या बोगद्यातून खुल्या उपसागरात नेला. तिथला मूळ स्थितीचा अभ्यास 1992 पासूनच सुरू होता, आणि कोणता आकडा ओलांडला तर सावधगिरी, कोणता ओलांडला तर कृती, हे आधी ठरलेलं होतं. आपल्याला आठ वर्षं मिळणार नाहीत, दोन उन्हाळे तरी मिळवा. आउटफॉलच्या वर एक जागा, जुन्या आउटफॉलखाली एक, नव्याखाली तीन आणि सगळ्यात खालच्या बंधाऱ्यात एक, अशा सहा जागा ठरवा. काम सुरू होण्याआधी दोन उन्हाळे आणि झाल्यावर दोन उन्हाळे, त्याच तारखांना, त्याच पहाटेच्या वेळी मोजा. जोडीला दगड उलटून खालचे किडे बघा. स्वच्छ वाहत्या पाण्यात शेपटीला दोन-तीन धागे असणाऱ्या मेफ्लायच्या अळ्या सापडतात, ऑक्सिजन संपलेल्या गाळात नुसत्या लाल अळ्या वळवळतात. हे काम शाळेतली मुलंही नीट करतात.

आकड्यांची वही केंद्राच्या कार्यालयात कपाटात ठेवू नका. एक प्रत खालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लागली पाहिजे, आणि बरगे घालायच्या व काढायच्या आठवड्यात रोज. जूनमध्ये बरगे काढण्याआधी फुगवट्याच्या तळाचं पाणी तपासा. तळाशी ऑक्सिजन शून्य असेल तर सगळे बरगे एकदम काढू नका, चार-पाच दिवसांत थोडे-थोडे काढा, आणि शक्य असेल तर त्याच वेळी धरणातून थोडं पाणी सोडून मागा.